रखमाबाई: अकराव्या वर्षी लागलेलं लग्न नाकारणाऱ्या मुलीमुळे लग्नाच्या वयाचा प्रश्न कोर्टात कसा पोहोचला?

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात २२ वर्षांच्या एका तरुणीसमोर दोन पर्याय ठेवण्यात आले. नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं किंवा सहा महिने तुरुंगात जायचं.

तिने तुरुंग निवडला.

ही तरुणी म्हणजे रखमाबाई. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि भारतात प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक ठरल्या. गूगलने २०१७ मध्ये त्यांच्या जयंतीला डूडल केलं होतं आणि त्यांच्यावर मराठी सिनेमाही आला. त्यामुळे अनेकांना त्यांचं नाव माहीत असतं ते डॉक्टर म्हणून.

पण डॉक्टर होण्याआधीच रखमाबाईंचं नाव लंडनपर्यंत पोहोचलं होतं. त्याला कारण होतं त्यांच्यावरचा खटला. कळतं वय होण्याआधी लावलेलं लग्न कायद्याने बांधील असतं का, हा त्यातला मूळ प्रश्न होता. आज मुलीच्या लग्नाचं किमान वय १८ की २१ यावर आपण वाद घालतो, त्या वादाची एक सुरुवात या खटल्यात आहे.

आई १७ व्या वर्षी विधवा

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. कुटुंब सुतार समाजातलं.

जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. त्या काळात उच्चवर्णीय घरातल्या विधवेचं आयुष्य तिथेच संपल्यासारखं असे. सुतार समाजात मात्र विधवेच्या पुनर्विवाहाला बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं. हे लग्न करताना पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावावर केली. पुढे खटल्यात या मालमत्तेचा विषय आल्याशिवाय राहिला नाही.

सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव होतं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांमध्ये दोनच भारतीय होते आणि त्यातले एक सखाराम अर्जुन. घरात सुधारकांची ऊठबस असायची.

तरीही या घरात रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. बालविवाह ही मागासलेल्या घरांचीच गोष्ट होती असं आज वाटू शकतं. प्रत्यक्षात तेव्हा डॉक्टरच्या घरातली मुलगीही त्यातून सुटत नव्हती.

लग्न झालं, संसार झालाच नाही

नवरा होता दादाजी भिकाजी, वय १९. तो सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यामुळे असं ठरलं की दादाजीने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि पायावर उभं राहायचं. खर्च सासरे करणार होते.

काही महिन्यांत रखमाबाई वयात आल्या. रूढीप्रमाणे यानंतर पती-पत्नीने एकत्र राहायचं असे. सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर म्हणून याला ठाम नकार दिला. एवढ्या लहान वयातलं मातृत्व मुलीच्या जिवावर बेतू शकतं, हे ते रोज बघत होते.

दादाजीला ना हा निर्णय पटला, ना शाळा. शिक्षण अर्धवट सोडून तो मामाकडे राहायला गेला. त्याच्यावर कर्ज झालं. रखमाबाई आईच्या घरीच राहिल्या. मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून त्या इंग्रजी शिकल्या. आईबरोबर प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना जाऊ लागल्या.

वर्षं गेली. अकरा वर्षांची मुलगी १९ वर्षांची झाली. ज्याच्याशी लग्न लागलं त्याच्याबरोबर तिने एक दिवसही संसार केला नव्हता, आणि आता तर तिला तो करायचाही नव्हता.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली: माझ्या बायकोला माझ्याकडे पाठवा. नकार मिळाल्यावर प्रकरण कोर्टात गेलं.

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई

हा दावा होता वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. साध्या भाषेत सांगायचं तर, जोडीदार सोडून गेला असेल तर त्याला परत नांदायला लावा, अशी कोर्टाकडे मागणी.

ही कल्पना ना हिंदू धर्मशास्त्रातली, ना मराठी रूढीतली. ती आली इंग्लंडच्या चर्च कोर्टांतून, ब्रिटिश राजवटीबरोबर. पुढे संस्कृती बुडाली म्हणून ओरड झाली ती मात्र या आयात केलेल्या कायद्याच्या बाजूने.

रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांच्यासमोर सुनावणी झाली. त्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा सरळ होता. पुनःस्थापना म्हणजे मोडलेलं पुन्हा जोडणं, आणि इथे तर संसार सुरूच झाला नव्हता. शिवाय हे लग्न मुलगी असहाय, अजाण वयाची असताना लावलेलं होतं. अशा स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या घरी पाठवणं त्यांना रानटीपणाचं वाटलं.

निकालाने खळबळ उडाली. आपल्या देशातल्या विवाहसंस्थेवर इंग्रज न्यायाधीश घाव घालतोय, असं अनेकांना वाटलं. दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी तो प्रसिद्ध आदेश दिला: नांदायला जा, नाहीतर तुरुंगात.

याला आणखी एक किनार आहे. इंग्लंडमध्ये अशा प्रकरणात तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. म्हणजे जो कायदा इंग्लंडने स्वतःच्या नागरिकांसाठी बोथट केला होता, तो मुंबईत जशाच्या तसा चालू होता.

वर्तमानपत्रातली ती अनामिक हिंदू स्त्री

खटला चालू असतानाच, १८८५ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची पत्रं छापून येत होती. एक पत्र बालविवाहावर होतं, दुसरं सक्तीच्या वैधव्यावर. नाव नव्हतं, पण मांडणी इतकी धारदार होती की शहरभर चर्चा झाली. लेखिका रखमाबाईच होत्या, हे नंतर उघड झालं.

बालविवाहाचा फटका मुलग्यांनाही बसतो, पण मुलगा लग्नानंतर शिकू शकतो आणि मुलीचं शिक्षण मात्र लग्नाबरोबर संपतं, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्यांनी हे पुस्तकातून उचललं नव्हतं. शिकायची इच्छा असताना शाळा सुटलेली मुलगी ते लिहीत होती.

एप्रिल १८८७ मध्ये त्यांचं आणखी एक पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्यात राणी व्हिक्टोरियाच्या सरकारकडे त्यांनी मागणी केली होती ती एकाच वाक्याच्या दुरुस्तीची. मुलाचं वय २० आणि मुलीचं १५ होण्याआधी लागलेलं लग्न कोर्टात आलं, तर ते कायदेशीर मानू नये.

नीट बघितलं तर ही मागणी फार हुशारीची होती. लग्न लावणाऱ्याला पकडा, दंड करा, असं त्या म्हणत नव्हत्या. अजाण वयातलं लग्न कोणी कोर्टाच्या जोरावर लादायला आलं, तर कोर्टाने त्याला मदत करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

टिळक विरोधात का होते?

सोशल मीडियावर हा विषय निघाला की टिळक हवेतच असं वाटणारे आणि टिळक नकोतच असं वाटणारे असे दोन तट पडतात. प्रत्यक्षात काय झालं होतं?

लोकमान्य टिळकांनी केसरी आणि मराठा या पत्रांतून रखमाबाईंच्या भूमिकेवर कडक टीका केली. इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात याचं उदाहरण म्हणून त्यांनी या खटल्याकडे बघितलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, तेव्हाही त्यांनी विरोध केला. समाजसुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने नको, ती समाजाने आतून करावी, ही त्यांची भूमिका होती. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांसमोर स्वेच्छेने पाळायचे नियम ठेवले, त्यात मुलीचं लग्न १६ आणि मुलाचं २० वर्षांआधी करू नये असंही होतं.

म्हणजे आकड्यांबाबत टिळक आणि रखमाबाई एकमेकांपासून फार लांब नव्हते. वाद होता तो सक्ती कोणी करायची यावर. पण ज्या मुलीसमोर आज तुरुंग उभा आहे, तिने समाज आतून बदलण्याची किती वर्षं वाट बघायची, याचं उत्तर या भूमिकेत नव्हतं.

सुधारकांच्या बाजूला बेहरामजी मलबारी होते. या पारशी पत्रकाराने १८८४ मध्येच बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर टिपणं काढून देशभर चर्चा घडवली होती. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात रखमाबाईंच्या खटल्याची दखल घेतली. गोपाळ गणेश आगरकर सुधारणेच्या बाजूचे होते. सामाजिक प्रश्नांवरच्या अशाच मतभेदांतून त्यांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि पुढच्या वर्षी सुधारक सुरू केला.

राणीने लग्न रद्द केलं, हे खरं आहे का?

राणी व्हिक्टोरियाने स्वतः लक्ष घालून रखमाबाईंचं लग्न रद्द केलं, अशी गोष्ट इंटरनेटवर अनेक ठिकाणी दिसते. ऐकायला छान आहे, पण प्रकरण मिटलं ते कोर्टाबाहेर. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २,००० रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावं लागलं नाही.

पण याचा अर्थ त्या कायद्याने मोकळ्या झाल्या असा नव्हता. दादाजीने दुसरं लग्न केलं. पुरुषाला तेव्हा एकापेक्षा जास्त लग्नं करता येत होती. हिंदू स्त्रीला मात्र घटस्फोटच नव्हता. रखमाबाईंनी पुन्हा कधीच लग्न केलं नाही.

खटल्यानंतर कायदा बदलला का?

बदलला, पण वेगळ्या दिशेने. इथे दोन शब्द वेगळे समजून घ्यावे लागतात. लग्नाचं वय म्हणजे कुठल्या वयानंतर लग्न करता येतं. संमतिवय म्हणजे कुठल्या वयाखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो.

१८६० च्या भारतीय दंडविधानात संमतिवय होतं १०. होय, दहा वर्षं. लग्नाच्या वयावर तर बहुसंख्य समाजासाठी कुठलीच मर्यादा नव्हती.

रखमाबाईंच्या खटल्याने वातावरण तापलेलं असतानाच कलकत्त्यात फुलमणी दासी या साधारण अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीने ती गेली. तिचं वय दहाच्या वर असल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागूच शकला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. या दोन प्रकरणांच्या धक्क्यातून मार्च १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ झालं.

पण हा कायदा आधी असता, तरी रखमाबाईंची सुटका झाली नसती. त्यांचा प्रश्न लग्नाच्या वैधतेचा होता आणि त्याला सरकारने हातच लावला नाही.

लग्नाच्या वयाला पहिली मोठी मर्यादा संस्थानांनी घातली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १६ वर्षांचा कायदा केला. ब्रिटिश भारतात त्यासाठी १९२९ उजाडलं. सर मोरोपंत जोशी यांच्या समितीचा अहवाल आणि हरबिलास सारडा यांचं विधेयक यांतून शारदा कायदा आला. मुलींसाठी १४, मुलांसाठी १८.

इंग्लंडचं काय? भारतीयांना रानटी म्हणणाऱ्या इंग्लंडमध्ये तोवर मुलीचं लग्नाचं कायदेशीर वय १२ आणि मुलाचं १४ होतं. तिथे एवढ्या लहान वयात लग्नं क्वचितच होत, पण कायदा तसाच होता. तो बदलून दोघांसाठी १६ करण्यात आला १९२९ मध्ये. शारदा कायद्याच्याच वर्षी.

डॉ. रखमाबाई

खटला संपला तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिलं. निधी उभा राहिला, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनीही मदत केली. १८८९ मध्ये त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या.

१८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या भारतात परतल्या. पुढची दोन दशकांहून अधिक वर्षं सुरतच्या महिला रुग्णालयात गेली. परपुरुष डॉक्टरला नाडीही दाखवू न शकणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हाच एकमेव मार्ग होता. प्लेगच्या साथीतही त्या काम करत राहिल्या. नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. निवृत्तीनंतर त्या मुंबईत परतल्या आणि पडदा पद्धत बंद व्हावी यासाठी लिहीत राहिल्या.

सुरतेत असताना, १९०४ मध्ये, दादाजीच्या मृत्यूची बातमी आली. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली.

ज्या नात्यासाठी तुरुंग पत्करला, त्याचं वैधव्य का पत्करलं? याची उत्तरं अभ्यासकांनी वेगवेगळी दिली आहेत. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. कायद्याच्या आणि समाजाच्या नोंदीत त्या शेवटपर्यंत दादाजीची बायकोच होत्या.

६८ वर्षांनी आलेला आकडा

मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. त्यात वधूचं किमान वय होतं १५. रखमाबाईंनी १८८७ मध्ये मागितलेला हाच आकडा. या कायद्याने देशभरातल्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्कही दिला. त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये मात्र वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना कायम राहिली. हेच हत्यार त्यांच्यावर उगारलं गेलं होतं. इंग्लंडने ते १९७० मध्ये रद्द केलं. भारतात ते आजही आहे.

चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी रखमाबाईंचं निधन झालं.

आज कुठे काय आहे?

भारतात १९७८ पासून मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी २१. मुलींचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं, पण ते मंजूर न होताच १७ वी लोकसभा विसर्जित झाली.

नेपाळमध्ये दोघांसाठी २०. चीनमध्ये मुलींसाठी २०, मुलांसाठी २२. बांगलादेशात १८ आणि २१, पण विशेष परिस्थितीत सूट. इराणमध्ये मुलींसाठी १३, आणि कोर्टाच्या परवानगीने त्याहूनही कमी. जपानने मुलींचं वय १६ वरून १८ केलं ते २०२२ मध्ये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ ची अट फेब्रुवारी २०२३ पासून आहे, तर शेजारच्या स्कॉटलंडमध्ये १६. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. कुठलीही सवलत न ठेवता १८ ची अट घालणारी पहिली राज्यं डेलावेअर आणि न्यू जर्सी, तीही २०१८ मध्ये.

पण आकडा हा अर्धाच प्रश्न आहे. त्या वयाआधी लग्न लागलंच तर पुढे काय, हा उरलेला अर्धा. रखमाबाईंनी बोट ठेवलं होतं ते यावरच.

भारतात २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार बालविवाह लावणं गुन्हा आहे, पण लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. पळवून नेणं, सक्ती, विक्री अशी प्रकरणं सोडली, तर ते वैधच राहतं. ज्याचं लग्न लहानपणी लागलं, त्याने कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं. मुलीला यासाठी मुदत आहे २० वर्षं पूर्ण होईपर्यंत. कर्नाटकसारख्या राज्याने दुरुस्ती करून बालविवाह मुळातच अवैध ठरवला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी तसं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २० ते २४ वयोगटातल्या २३.३ टक्के स्त्रियांचं लग्न १८ आधी झालं होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण २१.९ टक्के. साधारण पाचातली एक.

आता आजचा कायदा रखमाबाईंना लावून बघा. वकिलाची नोटीस आली तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या. विसाव्या वाढदिवसाला उरले होते आठ महिने. म्हणजे आज त्यांना कोर्टात जायला तेवढाच वेळ मिळाला असता. त्यांच्यामागे डॉक्टर वडील होते, नामवंत वकील होते, इंग्रजी येत होतं.

या पाचातल्या एकीकडे यातलं काय असतं?